पहिले चाळीस मीटर: ओंडके ओढण्याच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी

झाडांवर खुणा करून झाल्या. एकूण ४६. त्यातली ९ वादळाने आधीच आडवी केलेली, बाकीची विरळणीची. चार एकरांची झाडी, पण मधला पट्टा इतका दाट झालाय की खालच्या रोपांना ऊनच मिळत नाही. तोडणारा ठरला आहे. फांद्या छाटून तीन-चार मीटरचे ओंडके तो पाडून देईल. ते गाडीरस्त्यापर्यंत आणणं आमच्या गळ्यात.

दादाचं मत आधीच पक्कं: पंजावाली क्रेन असलेली ट्रॉली घ्यायची. तिचा व्हिडिओ त्याने मला आतापर्यंत चारदा दाखवला. लोखंडी पंजा खाली येतो आणि ओंडका काडेपेटीतल्या काडीसारखा उचलतो. बघायला मलाही आवडतं. पण वही माझ्या हातात आहे, म्हणून आधी मोजमाप, मग खरेदी.

११ जानेवारी

आडव्या पडलेल्या झाडांची गोलाई फीतपट्टीने घेतली. मधल्या जाडीचा ओंडका ८८ सेंटिमीटर गोलाईचा, म्हणजे व्यास २८. तीन मीटर लांबीला ०.१८५ घनमीटर. ओलं लाकूड घनमीटरला साधारण ९५० किलो धरलं तर एक ओंडका १७५ किलोचा. असे अंदाजे ११० निघतील. एकूण १९ टनांच्या आसपास.

इथे दादाचा आणि माझा आकडा जुळेना. त्याने व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब केला होता: गोलाईला चारने भागायचं, वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. त्या रीतीने ०.१४५ च येतात. ही पद्धत खऱ्या घनफळाच्या ७८.५ टक्केच दाखवते, कारण कापताना वाया जाणारं लाकूड त्यात आधीच वजा धरलेलं असतं. विकताना ती चालते. वजन उचलताना नाही. साखळीला व्यापाऱ्याची सूट माहीत नसते.

सगळ्यात मोठा ओंडका ओहोळाच्या काठावर: व्यास ४६, लांबी ४ मीटर, ६३० किलो.

१४ जानेवारी

आजचा दिवस वहीतला सगळ्यात कामाचा ठरेल असं वाटतं. मोठा लटकता काटा मिळाला. तो साखळी आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये अडकवला आणि १७० किलोचा एक ओंडका तीन तऱ्हांनी ओढून पाहिला, सपाट कोरड्या मातीवर.

नुसता जमिनीवरून सरपटत: जागचा हलवायला १५० किलोचा ओढ, चालू झाल्यावर ११० च्या आसपास. काटा सारखा नाचत होता, मी डोळ्यांनी मधला आकडा पकडला. तोंडाकडचं टोक हायड्रोलिकने फूटभर उचलून: ५५-६०. आणि जुन्या हातगाडीच्या चाकांवर पूर्ण तोलून: २० सुद्धा नाही.

म्हणजे ओंडका एक, माती एक, पण ओढ सहापट कमी-जास्त. दादा बराच वेळ काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ट्रॅक्टर मोठा नको, चाकं हवीत." मी म्हटलं, "चाकं हवीत, पण चाकं झाडाच्या बुडाशी जातील तर ना." तिथे दोघंही गप्प झालो.

१५ जानेवारी

काल रात्री झोप लागेना म्हणून चढाचा हिशेब केला. ओहोळाच्या बाजूला पाच मीटरला एक मीटर चढ आहे. ६३० किलोचा ओंडका तिथून सरपटत वर आणायचा तर घर्षणाचे ४०० आणि चढाचे १२५, मिळून सव्वापाचशे किलोचा ओढ. आमचा ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा, वजन १७०० किलो. मागच्या चाकांवर अकराशे येतात, आणि कोरड्या मातीत त्याच्या निम्म्यापर्यंत पकड मिळते. साडेपाचशे. वाटेत एक बुडखा आडवा आला की चाकं जागच्या जागी फिरणार. पाऊस पडून गेला असेल तर सुरुवातच होणार नाही.

इंजिनाची ताकद इथे कामालाच येत नाही. चाकांनी ओढायचं म्हटलं की ट्रॅक्टरचं वजन आणि मातीची पकड एवढीच ताकद. विंचने, म्हणजे दोर किंवा तार खेचणाऱ्या यंत्राने, ओढायचं म्हटलं तर यंत्र उभं राहतं, सरकतो तो फक्त ओंडका, आणि मर्यादा येते ती विंच ज्याला बांधलंय त्याची.

१९ जानेवारी

पर्याय एकेक करून तपासले.

बैल किंवा घोडा. हसू नका, लहान झाडीसाठी हा पर्याय अजून जिवंत आहे. जमीन सगळ्यात कमी दुखावते, दोन झाडांमधल्या फटीतून जनावर सहज वळतं. दिवसभर ओढायचं तर शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका ओढ धरतात, क्षणभरासाठी त्याच्या कितीतरी पट. आठशे किलोच्या जोडीला आमचे मधले ओंडके टोक उचलून जमले असते. अडचण जनावराची नाही, माणसाची. ओंडके ओढायला शिकवलेली जोडी आणि तिला ओळखणारा माणूस, दोन्ही हवेत. आमच्याकडे दोन्ही नाहीत.

चार चाकांची छोटी मोटरसायकल-गाडी, मागे ओंडक्याचं तोंड उचलून धरणारी चाकांची कमान. सपाटीवर झकास. पण गाडी स्वतः तीनशे किलोची, उतारावर मागून पावणेदोनशे किलोचा ओंडका ढकलायला लागला की ब्रेक कोणी कोणाला लावायचा? नको.

दादाची क्रेनवाली ट्रॉली. काम सुंदर करते, ओंडका मातीला टेकतच नाही, करवतीला माती लागत नाही. पण तिला अडीच-तीन मीटर रुंद वाट आणि वळायला जागा हवी. ती वाट काढायला आणखी १४ झाडं जातील, तीही चांगली, ठेवायची म्हणून खूण न केलेली. शिवाय क्रेनचा हात चार-पाच मीटर पोचतो. आमची निम्मी झाडं वाटेपासून चाळीस मीटर आत. म्हणजे ट्रॉली आणूनही ओंडका तिच्यापर्यंत कोणीतरी ओढायचाच.

ट्रॅक्टरच्या मागे थ्री पॉइंट लिंकेजला (अवजारं जोडायच्या तीन कड्यांना) बसणारी, पीटीओवर (इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर) चालणारी विंच. तीन-साडेतीन टन ओढते, तिची खालची लोखंडी पाटी जमिनीत रुतते म्हणून ट्रॅक्टर मागे सरकत नाही, ओढून झाल्यावर ओंडक्याचं तोंड पाटीला टेकवून तसंच पुढे नेता येतं. झाडी दहा-पंधरा एकरांची असती आणि दरवर्षी तोड असती तर पुढचं काही वाचलंच नसतं. पण ती स्वतः दोनेकशे किलोची, आमच्या ट्रॅक्टरचं तोंड हलकं होणार, पुढे वजन लावावं लागणार. शिवाय कागदावरचे तीन टन हे रिकाम्या ड्रमवरचे. तार गुंडाळत वरच्या थरावर आली की ओढ बराच उतरतो. हे कागदावर बारीक अक्षरात असतं.

पेट्रोलवर चालणारी हातात उचलण्याजोगी दोरविंच. पंधरा-वीस किलोची, ओढ टनभर. हिच्यात दोर गुंडाळला जात नाही, फिरत्या ढोलाला तीन-चार वेढे देऊन मोकळं टोक आपण हाताने खेचत राहायचं. म्हणून दोर कितीही लांब चालतो आणि ओढ पहिल्या मीटरला जेवढा, शेवटच्यालाही तेवढाच. हळू आहे, मिनिटाला दहा-बारा मीटर. पण ११० ओंडक्यांना कुठे घाई आहे.

२० जानेवारी

ठरलं. काम तीन तुकड्यांत तोडलं: बुडापासून ओढवाटेपर्यंत (ट्रॅक्टरने ओंडके ओढायला आखलेल्या वाटेपर्यंत) दोरविंच, ओढवाटेवरून गाडीरस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि चाकांची कमान, गाडीरस्त्यावर आपली जुनी साधी ट्रॉली. इतके दिवस सगळं एकाच यंत्रात शोधत होतो, म्हणून काहीच बसत नव्हतं. अवघड आहेत ते पहिले चाळीस मीटर. पुढचं कोणीही करेल.

दादाने मान हलवली, पण ट्रॉलीचा व्हिडिओ डिलीट केलेला नाही. पाहिलंय मी.

२४ जानेवारी

सामान आलं. विंच, ८० मीटर दोर, दोन कप्प्या, झाडाला बांधायचे रुंद चपटे पट्टे, ८ मिलिमीटरच्या ग्रेड ८० साखळ्या (दोन टनांच्या, फास घालून वापरल्या की पाचवा हिस्सा कमी धरायचा), ओंडका उलटवायचा आकडेवाला दांडा, आणि ओंडक्याच्या तोंडाला टोपीसारखा बसणारा प्लास्टिकचा शंकू.

दोराबद्दल एक. दुकानदार नायलॉन देत होता, "ताई, हा जास्त मजबूत." मजबूत असेल, पण नायलॉन रबरासारखा ताणतो. ताणलेला दोर तुटला की साठलेली सगळी ताकद कुणाच्या तरी अंगावर येते. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पण फिरत्या ढोलावर घासून तापतो आणि वितळायला लागतो. कमी ताणणारा दुपदरी विणीचा पॉलिएस्टरच घेतला.

२७ जानेवारी

विंचची पहिली चाचणी. शंकू न लावता ओढलेला ओंडका अकराव्या मीटरला मुळात घुसला, मग चौदाव्याला, मग सोळाव्याला. शंकू लावून तोच ओंडका एका दमात आला, वाटेतल्या दगडांना बगल देत. सगळ्या सामानात साधी वस्तू हीच. विंच नसती तरी ही घेतलीच असती.

कप्पी लावून दिशा बदलताना काळजी. दोर काटकोनात वळवला तर कप्पीच्या झाडावर ओढीच्या १.४ पट जोर येतो, पूर्ण उलटा वळवला तर दुप्पट. म्हणून कप्पीला नेहमी जाड, निरोगी झाड, पट्टा बुडाशी. आणि वळलेल्या दोराच्या आतल्या कोनात कोणीही उभं राहायचं नाही. पट्टा सुटला तर कप्पी त्याच बाजूला येणार. तिथे लाल फडकं बांधून ठेवलं. दादा दोनदा त्याच फडक्याजवळ उभा सापडला.

२ फेब्रुवारी

आज जीव वाचला असं लिहिणं अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

कमान अजून वेल्डरकडे आहे. दादाला दम निघेना. ओढवाटेवर आलेले चार ओंडके नुसत्या साखळीने नेतो म्हणाला. साखळी आखूड पडली म्हणून त्याने ती टॉप लिंकच्या, म्हणजे मागच्या तीन कड्यांतल्या वरच्या कडीच्या, पिनेला अडकवली. तिसरा ओंडका बुडख्याला अडला, ट्रॅक्टरची पुढची चाकं हातभर उचलली. मी ओरडले की त्याने स्वतःहून क्लच दाबला, माहीत नाही. चाकं खाली आदळली.

संध्याकाळी फीतपट्टी घेऊन दोघं बसलो. ड्रॉबार (मागचा खालचा ओढदांडा) जमिनीपासून ४२ सेंटिमीटर, टॉप लिंकची पिन ९०. ओंडका अडला की ट्रॅक्टर मागच्या चाकांच्या टेकूवर मागे उलटायला बघतो, आणि साखळी जितकी वर बांधलेली तितकी तरफ लांब. ९० म्हणजे दुपटीहून जास्त. ड्रॉबारला बांधलं तर तोंड उचलताना ड्रॉबार स्वतः खाली जातो, तरफ आखूड होते, ट्रॅक्टर सावरतो. वर बांधलं तर सावरत नाही. मागे उलटायला दीड सेकंद पुरतो, तेवढ्यात पाय क्लचवर जाईलच असं नाही.

टॉप लिंकच्या पिनेवर लाल रंग फासला. ड्रॉबारसाठी लांब साखळी आणली. सुरक्षा चौकट बसवलेली होतीच, पण पट्टा सीटखाली धूळ खात पडला होता. तो काढून पुसला. वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिने ही वही वाचली तर सांगितल्यासारखंच.

७ फेब्रुवारी

कमान आली. दोन चाकं, वर उलट्या यू-सारखा पाइप, मध्ये साखळीचा आकडा, पुढे लांब दांडी. ओंडक्यावर उभी करायची, तोंड उचलून टांगायचं, दांडी ड्रॉबारला.

पहिल्या फेरीत ओंडका घंटेसारखा झुलला. चूक आमचीच: ऐटीत दोन फूट वर टांगला होता. वर टांगला की झोका मोठा आणि कमान कलंडायला सोपी. आता जमिनीपासून वीतभर पुरे. शिवाय ओंडक्याचं तोंड दांडीला वेगळ्या साखळीने आवळलं, झुलणं थांबलं. जाड टोक पुढे घेतो, म्हणजे जास्त वजन चाकांवर जातं आणि मागे घासणारं टोक हलकं राहतं. उतारावर तेच घासणारं टोक ब्रेकचं काम करतं, म्हणून पूर्ण तोललेला ओंडका फक्त सपाटीवर.

१० फेब्रुवारी

२२ ओंडके.

११ फेब्रुवारी

१९. पेट्रोल संपलं.

१४ फेब्रुवारी

रात्री पाऊस. सकाळी ओढवाटेवरची माती मुठीत दाबली, चेंडू झाला आणि फुटेना. सुट्टी. दादाची चुळबुळ चालू आहे. पण माती दबून घट्ट होते ती बहुतेक पहिल्या काही फेऱ्यांतच, आणि ओली असताना सगळ्यात जास्त. एकदा दबलेली माती वर्षानुवर्षं उसवत नाही, मुळांना हवा-पाणी मिळत नाही. म्हणून ओढवाटा दोनच आखल्या. ट्रॅक्टर त्यांच्याबाहेर एक चाकही टाकणार नाही, त्या दोन पट्ट्या गेल्या तर गेल्या. छाटलेल्या फांद्या आता त्यांच्यावरच अंथरतो. आधी ढीग करून जाळायचा विचार होता.

सुट्टीत तोडणाऱ्याशी बोलणं झालं. उरलेली झाडं ओढवाटेशी तीसेक अंशांच्या तिरप्या कोनात पाडायची, माशाच्या काट्यासारखी. आतापर्यंत जिथे मोकळं दिसेल तिथे पाडत होता. आडवा पडलेला ओंडका वाटेवर आणताना वळवावा लागतो आणि वळताना उभ्या झाडांची सालं सोलतो. मी मोजली: सहा झाडांची साल गेली. जखमेतून बुरशी शिरते, बुंधा आतून सडतो. वळणावर आता एक टाकाऊ झाड मुद्दाम उभं ठेवलंय. घासायचं तर त्याला घासा, शेवटी ते तोडू.

तोडणारा म्हणाला, "हे आधी सांगायचं ना, ताई." बरोबर आहे. ओढायचं यंत्र निवडायला आम्ही दोन आठवडे घातले आणि झाड कुठल्या बाजूला पाडायचं हे विचारायला अर्धा मिनिट नव्हता.

१८ फेब्रुवारी

तिरपं पाडल्याचा फरक: एका ओंडक्याला आधी सरासरी १४ मिनिटं लागत होती, आज ९. विंच तीच, माणसं तीच.

ट्रॉलीवर चढवणं मात्र घाम काढतं. दोन मजबूत वासे तिरपे लावले. दोराची दोन टोकं ट्रॉलीला बांधली, मधला भाग ओंडक्याखालून काढून त्याच्यावरून ट्रॉलीच्या पलीकडे नेला आणि तिकडून खेचला. ओंडका गोल फिरत वर चढतो, दोर फिरत्या कप्पीसारखा काम करतो म्हणून निम्माच जोर लागतो. जहाजांवर पिंपं अशीच चढवत. खाली कोणी नको, आणि वर पोचला की लगेच पाचर. दादा या पद्धतीवर इतका खूश आहे की आज त्याने क्रेनचं नाव काढलं नाही.

२३ फेब्रुवारी

१०४ ओंडके गाडीरस्त्यावर. मी हिशेबात तीन-चार दिवस धरले होते, प्रत्यक्षात अकरा लागले. दोर परत आत नेणं, आकडा सोडवणं, पाणी पिणं, भांडणं, हे कुठल्याच सूत्रात येत नाही.

दोराचं एक टोक मीटरभर पिंजारलंय, कापून नवीन फास घालायचा. कमानीचं डावं टायर काट्याने दोनदा बसलं, आत फोम भरून घ्यायचं.

२५ फेब्रुवारी

ओहोळाकाठचा मोठा. सकाळी जाऊन बघितला. कप्पी लावून दुहेरी ओढ घेतला तर विंचला जड नाही, हिशेबात बसतो. पण कप्पीला वरच्या अंगाला जाड म्हणावं असं एकच झाड, आणि त्याच्या बुडाशी कुदळीने टोकरलं तर माती भुसभुशीत, मुळं एका बाजूला उघडी. ओंडक्यावर, विंचवर, दोरावर भरवसा होता. त्या झाडावर नव्हता.

दोन तुकडे करून आणावा असं दादाचं म्हणणं. व्यापाऱ्याला चार मीटरचाच हवा होता, दोन मीटरच्या तुकड्यांना तो विचारत नाही. तासभर तिथेच बसलो. शेवटी दोन्ही बाजूंना दगड लावून तो पक्का केला आणि तसाच ठेवला. खालच्या बाजूला ओल धरून राहिली आहे, आत्ताच गोगलगायी आल्यात. विंच खांद्यावर टाकून दादा पुढे निघाला. अर्ध्या वाटेत थांबून म्हणाला, "क्रेन असती तर आला असता." मी म्हटलं, "क्रेन उभी कुठे केली असतीस?" तो मागे वळून बराच वेळ उतार बघत राहिला.